आक्काच्या सोळा फेऱ्या

या सगळ्या प्रवासाचं मूळ म्हणजे मी एका व्हिडिओखाली लिहिलेली तक्रार. 'मध्ये अर्धा मिनिट आवाज गेलेला आहे. कृपया दुरुस्त करून पुन्हा टाकावा.' एकवीस वर्षं मुख्याध्यापिका म्हणून काढली की माणूस दिसेल तिथं शेरे मारत सुटतो, त्याला माझा इलाज नाही.

व्हिडिओ भाच्यानं पाठवला होता. बेळगावचा एक रॉक बँड, नाव 'वखार बॉइज'. ड्रमवर शहात्तर वर्षांचे आजोबा, बेस गिटार आणि गाणं त्यांच्या मुलाकडं, दुसरी गिटार नातीकडं. आधी मी नाक मुरडलं, मग पाय हलायला लागला. 'गाडी आली पांदीतनं, घुंगरं ऱ्हायली कुठं' अशी ओळ आली आणि एकदम सगळं गप्प. तिघंही जागच्या जागी थिजलेली. मी फोन हलवला, चष्मा पुसला, यजमानांना हाक मारली. मग दिसलं की मागचा टेबलफॅन फिरतोय, म्हणजे चित्र चालूच आहे. अर्ध्या मिनिटानं आजोबांनी काठी उगारली आणि गाणं जिथं सोडलं होतं तिथून पुन्हा धावायला लागलं.

संध्याकाळी माझ्या शेऱ्याला उत्तर आलं. 'आवाज गेला न्हाय काकू. ती आमच्या आक्काची जागा आहे. पन्नास वर्षं मोकळी ठेवलीय. रविवारी खासबागेत कार्यक्रम आहे, बघायला या. रेवा.'

आता असं उत्तर आल्यावर नाशकात स्वस्थ बसणारी बाई मी नव्हे. यजमान म्हणाले, तुला रॉक म्हणजे काय ते तरी ठाऊक आहे का. मी म्हटलं, पेटीच्या दोन परीक्षा दिल्यात, तेवढ्यावर भागेल. मग त्यांनी खरी काळजी विचारली, ती चहाची. मी त्यांना साखरेचा आणि चहापत्तीचा डबा दाखवला, दोन किलो चिवडा बांधून घेतला आणि निघाले.

निपाणी, शुक्रवार

बँड बेळगावचा असला तरी तालीम निपाणीत होते, म्हणून मला निपाणीलाच उतरायला सांगितलं होतं. स्टँडवर रेवा स्कूटर घेऊन उभी. तेवीस वर्षांची, चष्मेवाली, पाठीवर गिटार. "मी तासभर थांबलोय काकू," ती म्हणाली. मी तिच्याकडं नीट बघितलं. पुढं दोन दिवसांत कानाला सवय झाली. इकडं पोरीच काय, म्हाताऱ्या बायकासुद्धा स्वतःबद्दल बोलताना बिनदिक्कत 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. माझ्यातली बाई पहिल्या दिवशी सतरा वेळा दुरुस्ती करायला तोंड उघडत होती आणि सतरा वेळा मिटत होती. कोण चुकतंय म्हणायचं? सगळा मुलूखच तसं बोलतो.

मागच्या सीटवर मी, मांडीवर चिवडा, आणि पुढं रेवाच्या पाठीवरची गिटार माझ्या नाकाला लागलेली. अशा थाटात आम्ही तंबाखूच्या एका जुन्या वखारीत पोचलो. बाहेर पाटी होती, एका ओळीत मराठी, खाली कन्नड. आत शिरल्याबरोबर मला शिंक आली. ती पहिली.

वखार म्हणजे काय ते न बघितलेल्यांसाठी सांगते. देवळाच्या मंडपाएवढी लांबरुंद जागा, वर उंच पत्रा, भिंतीला कोपऱ्याकोपऱ्यात तंबाखूची पिवळट पूड बसलेली. आता माल नसतो, पण वास गेलेला नाही. आप्पा, म्हणजे ड्रमवाले आजोबा, मला म्हणाले की आवाज इथंच बरोबर लागतो, बेळगावात कितीही भारी खोली घ्या, गाणं आजारी वाटतं. म्हणून दर दुसऱ्या शुक्रवारी ही मंडळी सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर येतात, शिंकतात, वाजवतात आणि परत जातात.

चहा झाला. इकडं चहा अर्धाच देतात, पण तासात चार वेळा देतात. पहिल्या दोन कपांत आप्पांनी मला सगळा इतिहास सांगितला. खानापुराजवळच्या खेड्यातनं ते या वखारीत कारकून म्हणून आले होते. हंगाम संपला की वखार रिकामी आणि हातही रिकामे. एकदा गोव्यात एका जत्रेत त्यांनी गिटार आणि ड्रम ऐकले आणि डोकं फिरलं. परत येऊन त्यांनी तंबाखूचे पत्र्याचे डबे ओळीनं मांडले आणि ठोकायला सुरुवात केली. धाकटी बहीण शालन शिकायला त्यांच्याकडं होती. तिला गिटार पाहिजे होती. खानापूरच्या एका सुताराला आप्पांनी कागदावर चित्र काढून दिलं. त्यानं गिटार म्हणून कधी काही बघितलेलं नव्हतं, पण लाकडाची त्याला वानवा नव्हती. त्यानं सागवानाच्या अखंड फळीतनं ती कोरली. दाराच्या फळीएवढी जड. मोटारीची तार गुंडाळून आवाज उचलायचं यंत्र आप्पांनी स्वतः बनवलं आणि सोळा-सतरा वर्षांची शालन ते धूड गळ्यात अडकवून वाजवायला लागली. हीच ती आक्का. भावाच्या तोंडी शालन, बाकी सगळ्या बेळगावला आक्का.

मी विचारलं, मग बँडचं नाव 'बॉइज' कसं? आप्पा म्हणाले, पाटी रंगवून झाल्यावर शालन आली, रंग वाया कशाला घालवायचा.

पुढं शालनचं लग्न झालं, ती नंदगडला गेली, आणि बँड मात्र घरातच फिरत राहिला. भाऊ, मेहुणा, व्याही, एक जावई, अशी वीसेक माणसं त्यातनं येऊन गेली. कुणी आखातात गेलं, कुणी देवाघरी गेलं. आमच्याकडं मुलगी बघायला आले की तिला पोहे करायला लावतात. यांच्याकडं जावई बघायला जातात आणि त्याच्या हातात खंजिरी देतात. ठेका चुकला तर मुलाला पगार किती हे विचारायच्या भानगडीत कुणी पडत नाही. आप्पांचा मुलगा, ज्याला सगळे अण्णा म्हणतात, बाराव्या वर्षी बेसला लागला. बेळगावात त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. मितभाषी, मिशाळ, आणि गाण्याच्या बाबतीत माझ्याहून कडक.

आणि एक नियम. ड्रमवाल्यानं मंचावर बोलायचं नाही. पन्नास वर्षांत आप्पांनी माइकला तोंड लावलेलं नाही.

मग तालीम सुरू झाली. मला खुर्ची दिली, रुमाल दिला. 'पांदीतनं' हे गाणं बैलगाडीवरचं. तंबाखू भरलेली गाडी पांदीतनं, म्हणजे शेतांमधल्या अरुंद वाटेनं, घरी येते, आणि घुंगरं कुठं राहिली असं विचारल्यावर त्याचं उत्तर पूर्वी आक्काची गिटार द्यायची. आता तिथं सोळा फेऱ्या, चार-चार ठोक्यांच्या, कुणी काही करत नाही. आप्पा ओठ हलवून मोजतात, बस्स. ओळ आली. थांबले. ती शांतता समोरासमोर ऐकणं वेगळं. अंगावर काटा आला. त्या काट्याबरोबर नाकात काहीतरी वळवळलं, मी श्वास धरला, रुमाल दाबला, देवाचं नाव घेतलं, आणि पत्रा हादरेल अशी शिंकले.

पन्नास वर्षांत त्या जागेत पडलेला पहिला आवाज माझा.

अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं की मला माझ्या शाळेतल्या सगळ्या पोरांची एकदम दया आली. आप्पा गालात हसत होते. पण रेवा हसली नाही. ती गिटारीवर हात ठेवून बापाला म्हणाली, "पाहुण्यांची शिंक चालती, आणि माझी गिटार चालत न्हाय?"

तेव्हा मला कळलं की हे भांडण जुनं आहे. रेवाला बेंगळुरात नोकरी लागलीय, सोमवारी सकाळी ती जाणार. जाण्याआधी एकदाच, रविवारी, तिला त्या सोळा फेऱ्यांत वाजवायचं होतं. पाच वर्षं ती ते मागत होती. अण्णांचं म्हणणं, ती जागा आक्काची आहे, एकदा भरली की आपल्यात आणि वरातीतल्या बँडपार्टीत काय फरक राहिला. रेवा म्हणाली, आक्काला विचारलंय का कधी कुणी? कुणीच विचारलं नव्हतं. पन्नास वर्षं बारशाला, बाराव्याला भेटत होते, भाताचं, म्हशीचं बोलत होते. बँडचं नाव कुणी काढलं नव्हतं. लग्नानंतर आक्कांनी एकदाही गाणं ऐकलं नव्हतं, कार्यक्रमाला पाऊल टाकलं नव्हतं. का, ते कुणाला ठाऊक नव्हतं, किंवा असलं तर सांगत नव्हतं.

शेवटी आप्पा म्हणाले की शालन हो म्हणाली तर पोरीनं वाजवावं. पण विचारायला कुणी जायचं? अण्णा पंख्याकडं बघायला लागले. मग हळूहळू सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. पाहुणीला आक्का नाही म्हणणार नाही, असा त्यांचा हिशेब. शिंकेचं प्रायश्चित्त म्हणून मी कबूल झाले.

नंदगड, शनिवार

मुक्काम बेळगावात, खासबागेत अण्णांच्या घरी होता. सकाळी उप्पीट आणि वर वाटीभर कुंदा. सकाळी आठला एवढं गोड खाणाऱ्या माणसांबद्दल मला आदर आहे. मी आणलेल्या चिवड्याचं मात्र काय झालं ते सांगते. अण्णांच्या बायकोनं तो प्रेमानं चाखला, 'छान हाय, पण जरा गप्पगप्प हाय' म्हणाली, आणि त्यात लसणाचं तिखट, कच्चा कांदा आणि अर्धा किलो भडंग घालून कालवला. नाशिकच्या चिवड्याचा असा धर्मांतर सोहळा बघून मी थिजले. मग दोन वाट्या खाल्ल्या.

रेवा आणि मी बसनं खानापूर गाठलं आणि तिथून नंदगड. खानापूर सुटलं की झाडं रस्त्याच्या अंगावर येतात आणि मध्ये मध्ये कापलेल्या भाताची खाचरं. आमच्या नाशकाकडं द्राक्षाच्या बागा अशा शिस्तीत उभ्या असतात की वाटतं प्रार्थना चालू आहे. इथं सगळं मोकळं, पिवळं, बगळे आपले मालकासारखे फिरतायत. रेवा वाटेत कंडक्टरशी कन्नडमध्ये बोलली, कंपनीच्या फोनवर इंग्रजीत आणि माझ्याशी मराठीत, आणि कुठंही अडखळली नाही. पण नंदगड जवळ आलं तशी नखं खायला लागली.

आक्का खळ्यावर होत्या. मळणीचं यंत्र धडधडत होतं, भुशाचा ढग उठला होता, आणि त्या ढगात सत्तरीची एक काटक बाई पदर खोचून चार माणसांना कामाला लावत होती. यंत्राच्या आवाजावर तिचा आवाज सहज चढत होता. रेवाला बघून तिचं तोंड उजळलं. मी नाशिकहून आले म्हटल्यावर मला पोत्यावर बसवलं, तांब्याभर आंबील दिली, आणि पाचच मिनिटांत माझ्या हातात सूप होतं. मी हौसेनं पाखडायला लागले. उलट्या वाऱ्याला पाखडलं. सगळा भुसा माझ्या गळ्यात, कानात, पोलक्यात. दिवसभर मी गाढवासारखी अंग घासायला जागा शोधत होते. आक्कांनी माझ्या हातातलं सूप काढून घेतलं आणि म्हणाल्या की बाईंनी शाळाच बघावी.

जेवायला लाल तांदळाचा भात, कुळथाचं सार, भाजलेली मिरची. भाताला असा वास की सारसुद्धा घालू नये वाटत होतं. जेवताना माझं लक्ष कोपऱ्यातल्या धान्याच्या कणगीकडं गेलं. कणगीचं झाकण उंदरांनी उचलू नये म्हणून वर वजन ठेवलेलं होतं, आणि ते वजन म्हणजे सागवानाची एक गिटार होती. तारा नाहीत, खुंट्या गंजलेल्या, पण मधोमध अजून गुळगुळीत. रेवानं ती पहिल्यांदाच बघितली असावी. तिचा घास हातातच राहिला.

मी आयुष्यभर अधिकाऱ्यांशी, पालकांशी, एकदा तर आमदाराशीही भांडलेली बाई. पण त्या बाईला विचारायच्या आधी मी तीनदा भात मागून घेतला. विचारलं एकदाचं. म्हटलं, ही पोरगी सोमवारी जाणार, तिला उद्या तुमच्या जागेत वाजवायचंय, तुमची हरकत आहे का.

आक्कांनी हात धुतले. पुसले. मग पोतं ओढून बसल्या आणि त्यांनी लग्नाचं सांगितलं. मांडव खानापुरात होता. बँड त्यांच्या भावाचाच, म्हणजे त्यांचा स्वतःचा. मुंडावळ्या बांधून त्या बोहल्याजवळ बसलेल्या, मांडीवर नारळ, समोर सासरची सगळी माणसं. 'पांदीतनं' सुरू झालं. त्यांची गिटार मंचाच्या खांबाला टेकवून ठेवलेली होती. ओळ आली आणि सगळे थांबले. त्यांना वाटलं, दादा आता हाक मारणार. त्यांनी मांडीवरचा नारळ खाली ठेवला. शालू सावरला. उठायच्या बेतात होत्या. हाक आलीच नाही. ड्रम वाजला, गाणं पुढं गेलं, आणि सगळी माणसं त्यांच्याकडं बघत राहिली.

"माझी जागा ठेवली म्हणत्यात," आक्का म्हणाल्या. "जागा ठिवून काय करायचं, हाक न्हाय मारली तर?"

सासरच्यांनी काही अडवलं नव्हतं. नवरा तर दोनदा म्हणाला होता, वाजव की. पण त्या दिवसापासून त्यांनी गिटारीला हात लावला नाही. त्यांना ती शांतता मान म्हणून कधी वाटलीच नाही. पन्नास वर्षं हे लोक गावोगाव आपल्या अपमानाचा कार्यक्रम करत हिंडतायत, असंच त्यांना वाटत आलं होतं. आणि इकडं हे लोक समजत होते की आपण तिला डोक्यावर घेतलंय. मला हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही थोडं थोडं केलं.

रेवाकडं वळून आक्कांनी एकच विचारलं, तुला माझं वाजवायचंय का तुझं? रेवा म्हणाली, माझं. आक्कांनी रेवाच्या ताटात भात वाढला. निघताना म्हणाल्या की मळणी उरकली तर येईन, दादानं हाक मारली तर पोरीचं बघू, नाहीतर ती जागा तशीच मोकळी राहू दे. मी लगेच म्हटलं, मी सांगते त्यांना. तर त्यांनी माझा दंड धरला. बाप रे, काय ती पकड.

"सांगायचं न्हाय," त्या म्हणाल्या. "तुम्ही शिकवून पाठिवलेली हाक मला नको."

रेवालाही तीच तंबी. आता मला सांगा, जिनं जन्मभर दुसऱ्यांना काय करायचं ते सांगितलं, तिला असं तोंड शिवून परत पाठवायचं म्हणजे काय शिक्षा. बसमध्ये मी खिडकीबाहेर बघून स्वतःशीच पुटपुटत होते. शेजारच्या बाईनं जागा बदलली.

खासबाग, रविवार

रविवारी सकाळी आप्पा अंगणात ड्रमची कातडी पुसत बसले होते. मी शेजारी बसले. त्यांनी मान वर न करता विचारलं, काय म्हणाली. मी म्हटलं, मळणी उरकली तर येते म्हणाल्या. बाकी? बाकी काही नाही. माझं खोटं मला चेहऱ्यावर लपवता येत नाही, म्हणून मी माजघरात जायला उठले, तेवढ्यात ते म्हणाले, "लग्नाचं काय बोलली?"

मी पुन्हा बसले. मी काही बोलले नाही, देवाशपथ. तेच बोलायला लागले. त्या दिवशी मांडवात तिनं नारळ खाली ठेवलेला त्यांनी बघितला होता. ती उठणार हे त्यांना कळलं होतं. समोर व्याही, त्यांच्या पगड्या, नवरी उठून दाराएवढी गिटार गळ्यात घालते म्हटल्यावर काय म्हणतील, या विचारानं त्यांनी हाक गिळली. तोवर सोळा फेऱ्या झाल्या होत्या आणि त्यांनी घाईनं काठी मारली.

"मोजून न्हाय मारली," ते म्हणाले. "भ्यालतो म्हणून मारली."

त्या दिवसापासून सोळा. कमी नाही, जास्त नाही. अण्णाला, बायकोला, कुणालाच त्यांनी हे सांगितलं नव्हतं. मला का सांगितलं? परकी बाई, उद्या जाणार, म्हणून असेल. मी जीभ दातांत धरून बसले होते. नुसतं 'मग हाक मारा की आता' एवढं म्हणायचं होतं. एवढंच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यांना दुःखाचं वाटलं, खरं तर जीभ चावली गेली होती.

संध्याकाळी सहाला खासबागेतल्या मैदानावर खुर्च्या भरल्या. विणकरांची घरं शेजारीच, तिथली माणसं सहकुटुंब आलेली, म्हातारे पुढं, पोरंटोरं मागं, कुल्फीवाला बाजूला. आमच्याकडं कार्यक्रम सुरू व्हायला प्रमुख पाहुणे लागतात. इकडं आप्पांनी काठीवर काठी तीनदा आपटली की झालं. मी पहिल्या रांगेत दोन खुर्च्या धरल्या होत्या, एकीवर मी, दुसरीवर माझी पर्स. त्या पर्सवरनं मी चार जणांशी भांडले. एका गृहस्थांना तर मी उभं राहायला सांगितलं, आणि सवयीनं ते राहिले.

चार गाणी झाली, दोन मराठी, दोन कन्नड. आक्कांचा पत्ता नाही. पाचवं झालं. रेवा वाजवत होती पण डोळे रस्त्याकडं. सहाव्या गाण्यात मैदानाबाहेर एक टेम्पो थांबला. त्यातनं आधी नव्या तांदळाचं पोतं उतरलं, मग आक्का. केसात अजून भुसा. सबंध मैदानातनं त्या चालत आल्या तशी ओळखीची माणसं उठून उभी राहत होती. माझी पर्स उचलून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली आणि शेजारी बसल्या. स्वतःची कापडी पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी मांडीवर धरली होती.

अण्णांनी 'पांदीतनं' सुरू केलं. आप्पांनी बहिणीकडं बघितलं नाही. ओळ आली, 'घुंगरं ऱ्हायली कुठं', आणि सगळं थांबलं. बँड थांबला, माणसं थांबली, कुल्फीवाल्यानं घंटी मुठीत धरली. या गावाला ती शांतता पाठ आहे. मी बोटांवर मोजत होते. आप्पांचे ओठ हलत होते. आठ. नऊ. शेजारी आक्का पाठ ताठ करून बसलेल्या. बारा. रेवाचा हात तारांच्या वर थांबलेला. चौदा. मी मनात ओरडत होते, आप्पा, आप्पा. पंधरा. सोळा. त्यांनी काठी उचलली.

आणि खाली ठेवली.

मग ते स्टुलावरनं उठले. अण्णांच्या समोरचा माइक त्यांनी स्वतःकडं वळवला. तो आधी किंचाळला, कारण त्यांना माइक कसा धरतात तेच माहीत नव्हतं.

"शालन," ते म्हणाले. "ये गं वर."

अख्ख्या मैदानाच्या माना वळल्या. आक्कांनी मांडीवरची पिशवी उचलली आणि पायाशी ठेवली. हळूच, मोडेल अशी. त्यांनी भावाकडं बघितलं. मग बसल्या जागेवरनं, खळ्यावरच्याच आवाजात म्हणाल्या, "आता कुठं येऊ रं दादा? गुडघा धरलाय माझा. पोरीला वाजवू दे."

मैदान हसलं. आप्पाही हसले, आणि हसता हसता त्यांनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. अण्णांनी एकदा बापाकडं, एकदा आत्याकडं बघितलं. मग त्यांनी पोरीकडं बघून मान हलवली.

रेवानं सुरुवात केली ती चुकीनंच. पहिला सूर भलतीकडंच गेला. तिनं तोच पुन्हा धरला, पुन्हा, आणि मग एकदम गाडीला बैल सापडल्यासारखी ती निघाली. मला रॉकमधलं काही कळत नाही, पण घुंगरं ऐकू आली एवढं सांगते. आधी लांब, पांदीच्या पार त्या टोकाला, मग जवळ, मग अगदी अंगणात. मी पुन्हा बोटांवर मोजत होते. दहा, बारा, सोळा. पोरगी थांबेना. सतरा, अठरा. अण्णांनी बापाकडं बघितलं. आप्पा काठ्या मांडीवर ठेवून ऐकत बसले होते, त्यांना ड्रम वाजवायचाय हे ते पार विसरले होते. वीस. बावीस.

माझ्यातली मुख्याध्यापिका काही मेली नव्हती. मी आक्कांच्या कानाशी लागून म्हटलं, सोळा कधीच संपल्या, पोरीचं मोजायचं चुकलं.

आक्कांनी माझी मोजणारी बोटं आपल्या खरबरीत हातात धरली आणि मिटून टाकली.

"सोळा कुठलं बाई," त्या म्हणाल्या. "ते दादाचं. मी तर वाजवायला लागलो की मला कोण थांबवायचं न्हाय."